अडखळत वाजवलेलंच आधी ऐकवा

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका चाळिशीच्या पुढच्या आहेत. सव्वा वर्षापूर्वी त्यांनी युकुलेली, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, हातात घेतली. त्याआधी कुठलंच वाद्य वाजवलेलं नव्हतं. गेले आठ महिने त्या शिकणाऱ्यांच्या एका छोट्या गटात आहेत. गटाचा शिरस्ता असा, की एक तारखेला महिन्याचं आव्हान ठरतं. कधी तीनच कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) गाणं बसवायचं, कधी स्ट्रमिंग न करता, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात न फिरवता, बोटांनी एकेक तार छेडायची, कधी ओळखीचं गाणं दुसऱ्या पट्टीत न्यायचं. महिनाअखेरीस प्रत्येकाने आपलं रेकॉर्डिंग गटाला ऐकवायचं आणि बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा. पहिले काही महिने मजेत गेले. आता महिना सरत आला की त्यांच्या पोटात गोळा येतो. तीन आठवडे त्या गाणं वरपासून खालपर्यंत वाजवत राहतात, आणि शेवटच्या दोन रात्री तेच गाणं तीस-चाळीस वेळा रेकॉर्ड करून त्यातलं एक कसंबसं पाठवतात. बहुतेक जण "छान", "मस्त" म्हणतात, त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. एक अनुभवी सभासद मात्र सलग तीन महिने एकच म्हणाले, "लय पळते." त्यानंतर दोन महिने त्यांनी काहीच पाठवलेलं नाही. इतरांना काही सांगायचीही त्यांना भीड वाटते. त्या विचारतात, "एवढंसं चार तारांचं वाद्य, तेही जमत नाही. मला तालाचं अंगच नाही का? गट सोडून, कुणालाही न ऐकवता, एकटीनेच शिकावं का?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक हिशेब दडलेला आहे, तो आधी मांडते. गाणं अडीच मिनिटांचं धरलं आणि ते पस्तीस वेळा रेकॉर्ड केलं, तर झाला फार तर दीड तास. म्हणजे महिन्यातली सगळ्यात कसून केलेली मेहनत तुम्ही शेवटच्या दोन रात्रींत करता. बोटं दमलेली असतात, डोक्यावर तारीख बसलेली असते, आणि चुकलात की थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं करताना गाण्याची पहिली ओळ पस्तीस वेळा वाजते, शेवटची जेमतेम सात-आठ वेळा. आणि जिथे खरं घोडं अडतं, तिथे दरवेळी तुमचा हात तारा सोडून रेकॉर्डिंगच्या बटणाकडे जातो. हात जे वारंवार करतो त्यावर तो बसतो. थांबण्यावरही बसतो.

मग एक तारीख उजाडते. अभिप्राय यायला लागतात तेव्हा पुढचं आव्हान ठरलेलं असतं, जुनं गाणं तुम्ही मिटून ठेवलेलं असतं. "लय पळते" हे तीनही वेळा अशा गाण्याबद्दल होतं, ज्यावर तुम्ही पुन्हा हात ठेवणार नव्हता. सूचना कितीही खरी असली तरी तिला जायला जागाच नव्हती. ती मनात जाऊन बसली आणि तिथे तिचं निकालपत्र झालं. तीनदा एकच शेरा मिळाल्यामुळे आपल्यात सुधारणाच होत नाही असं तुम्हाला वाटलं, पण त्या तीन महिन्यांत लयीवर म्हणून काम करायची संधी तुम्हाला एकदाही मिळालेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: गट ठेवा, ऐकवण्याचा दिवस बदला. आव्हान ठरल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, जसं येतंय तसं, एकदाच रेकॉर्ड करा. एकदाच म्हणजे एकदाच. मध्ये अडखळलात तर अडखळू द्या, पण न थांबता शेवटापर्यंत जा. आणि ते गटाला ऐकवा. सगळ्या गटाला नको वाटलं तर त्यातल्या एका-दोघांना. सोबत एवढंच म्हणा की हे पहिल्या आठवड्याचं आहे, अजून तीन आठवडे हातात आहेत, यात एक जागा सांगा जिथे मी काम करू. महिनाअखेरीस पुन्हा एकदा ऐकवा. दोन रेकॉर्डिंगांच्या मधलं अंतर तुमच्या स्वतःच्या कानांना ऐकू येईल, आणि "मस्त" या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच फारसा उरणार नाही.

हे सुचवणं सोपं आहे आणि करणं अवघड, हे मला माहीत आहे. मीही मोठेपणीच शिकायला बसले. पहिल्यांदा कच्चं रेकॉर्डिंग दुसऱ्याला ऐकवलं तेव्हा पाठवल्यावर उपकरण पालथं ठेवून मी दुसऱ्या खोलीत निघून गेले होते. ते ऐकणारी व्यक्ती माझ्याहून नवीन होती, तिला तेव्हा पाच-सहा कॉर्ड येत असतील. तिने मला एकच गोष्ट सांगितली: "तिसऱ्या ओळीच्या आधी तुम्ही श्वास रोखता. ऐकू येतं." मी परत ऐकलं. खरंच, त्या जागी तारांच्या आवाजाआड एक छोटासा हुंकार होता, आणि त्यानंतरचा कॉर्ड प्रत्येक वेळी दाबून, जोरात आलेला होता. खांदा वर चढत होता, मनगट ताठत होतं, डाव्या हाताचा अंगठा वाद्याच्या दांडीला घट्ट चिकटत होता. मी कितीतरी दिवस त्या कॉर्डची बोटं सुधारत बसले होते, आणि चूक बोटांत नव्हतीच. पुढचे चार दिवस मी तिसरी ओळ येण्याआधी मुद्दाम श्वास सोडत गेले. एवढंच केलं. हा अभिप्राय मला महिना संपल्यावर मिळाला असता तर मी नुसती ओशाळले असते.

आता "लय पळते" या शब्दांकडे येऊ, कारण तुमचं दुखणं तिथे आहे. हा शेरा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो अपुरा आहे. लय पळते या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळे आजार मावतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत.

पहिला प्रकार: गाणं सुरू झाल्यापासून वेग हळूहळू चढत जातो, शेवटी पोहोचतो तेव्हा सुरुवातीपेक्षा बराच पुढे गेलेला असतो. यावर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं साधन, हा सरळ उपाय. दुसरा प्रकार: सोप्या जागी तुम्ही पळता आणि अवघड जागी रेंगाळता. हे बहुतेकांचं होतं, कारण आपण गाण्याचा वेग त्याच्या पहिल्या ओळीवरून ठरवतो आणि पहिली ओळ सहसा सोपी असते. वेग ठरवायचा तो सगळ्यात अवघड बदलावरून. तो बदल ज्या गतीला सलग पाच वेळा सुखाने होतो, ती आज तुमच्या गाण्याची गती. मग बाकीचं गाणं कंटाळवाणं संथ वाटलं तरी चालेल. तिसरा प्रकार: कॉर्ड बदलताना क्षणभर हात थबकतो आणि मग राहिलेली मात्रा भरून काढायला पुढच्या दोन मात्रा घाईत पडतात. ऐकणाऱ्याला ही घाई तेवढी कळते, त्याच्या आधीचं थबकणं लक्षात येत नाही. तो प्रामाणिकपणे "पळते" म्हणतो, आणि तुम्ही प्रामाणिकपणे वेग कमी करत बसता, ज्याचा काही उपयोग होत नाही.

तुमचं हे तिसऱ्या प्रकाराचं असावं असा माझा अंदाज आहे. सव्वा वर्षाच्या वाजवणाऱ्यांचं बहुधा तेच असतं. ओळखायचा मार्ग सोपा आहे. जुनं एक रेकॉर्डिंग लावा आणि त्यावर टाळी धरा. जिथे टाळी आधी पडते आणि तुमचा हात मागून येतो, ती जागा कागदावर खूण करून ठेवा. संपूर्ण गाण्यात अशा जागा दोन किंवा तीनच निघतील, आणि त्या नेहमी त्याच असतील. या टाळीवरून आणखी एक गोष्ट कळेल. दुसऱ्या कुणाच्या गाण्यावर तुमची टाळी बरोबर पडत असेल, तर तालाचं अंग तुम्हाला आहे. ते तुमच्या कानात आणि तळहातात आहे, अजून उजव्या मनगटापर्यंत पोहोचलेलं नाही. कारण डावा हात कॉर्ड शोधायला लागला की तो उजव्याला थांबवून ठेवतो.

यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला सराव ऐकायला विचित्र आहे: उजवा हात कशासाठीही थांबवायचा नाही. कॉर्ड लागला नाही तर चुकीचा वाजू दे, मोकळ्या तारा वाजू देत, बोट मध्येच अडकून नुसता खट् आवाज येऊ दे. हात खाली-वर, खाली-वर चालूच. आधी डावा तळहात तारांवर अलगद टेकवून आवाज मारून घ्या आणि दोन मिनिटं नुसतं स्ट्रमिंग करा, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून. मग त्याच चालीत डाव्या हाताने कॉर्ड बदलायला सुरुवात करा. पहिले दोन-तीन दिवस भयंकर ऐकू येईल. आठवडाभरात डावा हात उजव्याच्या मागे धावायला शिकतो, कारण आता त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.

डाव्या हातालाही मदत करता येते. शेवटचं गाणं सी, ए मायनर, एफ आणि जी सेव्हन या चार कॉर्डवर होतं असं तुम्ही लिहिलंय. हे चार कॉर्ड आपण चार वेगळी चित्रं म्हणून शिकतो, आणि प्रत्येक वेळी सगळी बोटं उचलून नवीन चित्र काढायला जातो. पण जरा सावकाश बघा. (तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा आहेत, आणि फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेले घर.) सी मध्ये अनामिका पहिल्या तारेच्या, म्हणजे ए तारेच्या, तिसऱ्या फ्रेटवर असते. ए मायनरला मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. तिथून एफ करायला हे मधलं बोट हलवायचंच नाही, फक्त तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेकवायची. एफवरून जी सेव्हनला जाताना ही तर्जनी आहे तिथेच राहते. मधलं बोट जी तारेवरून शेजारच्या सी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येतं आणि अनामिका ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बसते. आणि जी सेव्हनवरून पुन्हा सी? तर्जनी आणि मधलं बोट उचला, अनामिका त्याच तारेवर एक फ्रेट पुढे सरकवा. झालं. म्हणजे पूर्ण फेरीत हात एकदाही तारांपासून सगळाच्या सगळा सुटत नाही, फक्त सी वरून ए मायनरला जाताना बोट बदलतं. आणि तिथेही मधलं बोट आधी टेकवून मग अनामिका उचलता येते. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा अर्धा तास फक्त एफ ते जी सेव्हन करत बसले होते, तर्जनी हलू न देता. तिच्या टोकावर तारेचा वळ उमटला होता आणि मला तो पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता.

दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात, पण ती अशा दोन-तीन जागांवर गेली पाहिजेत. पाच मिनिटं अडलेला बदल, पाच मिनिटं तो बदल मधोमध ठेवून त्याच्या आधीची आणि नंतरची अर्धी ओळ, आणि शेवटी पूर्ण गाणं एकदा, आनंदासाठी. संपूर्ण गाणं वरपासून खालपर्यंत वाजवत राहणं म्हणजे मेहनत झाल्यासारखी वाटते, पण त्यात आधीच जमणाऱ्या जागाच जास्त वेळा वाजतात.

"एवढंसं चार तारांचं वाद्य" या तुमच्या वाक्याशी मला थोडं भांडायचं आहे. हे ओझं तुम्ही विनाकारण वाहताय. गिटारच्या तारेची वाजती लांबी साधारण ६५ सेंटीमीटर असते, सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या लहान आकाराच्या युकुलेलीची ३५ च्या आसपास. तार आखूड, तीही नायलॉनसारखी मऊ, खोका लहान. स्वर उमटतो आणि लगेच विरतो. ज्या वाद्यात स्वर रेंगाळतो तिथे कॉर्ड बदलतानाची फट आधीच्या स्वराखाली झाकली जाते. युकुलेलीत ती उघडी पडते. तुम्हाला जी अडखळ एवढी मोठी ऐकू येते, तिच्यात वाद्याच्या या स्वभावाचाही वाटा आहे. शिवाय फ्रेट जवळजवळ असल्यामुळे तीन बोटांची दाटी होते, आणि दडपणाखाली तार जोरात दाबली गेली तर स्वर थोडा चढतो, मग सगळंच बेसूर वाटायला लागतं. रेकॉर्डिंगच्या रात्री नेमकं असंच होतं. नवीन तारा टाकल्या असतील तर त्या ताणून स्थिरावायलाही काही दिवस लागतात, तोवर दर थोड्या वेळाने ट्यूनर लावावा लागतो. यातलं काहीही तुमच्या तालाच्या अंगाशी संबंधित नाही. आणि हात मोठे असतील, दाटी फारच होत असेल, तर कॉन्सर्ट किंवा टेनर आकाराचं वाद्य एकदा धरून बघा. तारा त्याच सुरांत लावतात, बोटांना जागा जास्त मिळते.

या वाद्याचा जन्मही लोकांच्या गोतावळ्यातच झाला. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदीरा बेटावरून पोर्तुगीज मजुरांना घेऊन एक जहाज हवाई बेटांवरच्या होनोलुलूला पोहोचलं. त्या लोकांकडे आपलं छोटं तंतुवाद्य होतं. त्यांच्यातल्याच सुतारकाम करणाऱ्या कारागिरांनी पुढे हवाईत त्याला जे रूप दिलं, ती आजची युकुलेली. कॅनडात १९६० च्या दशकात चाल्मर्स डोन या संगीतशिक्षकाने शाळांमधून संगीत शिकवायला हेच वाद्य निवडलं, आणि तिथे अख्खा वर्ग एकत्र वाजवायचा. हे सांगायचं कारण, तुम्ही निवडलेलं वाद्य दुसऱ्यांच्या सोबतीने शिकायला फार चांगलं आहे. कुणीतरी शेजारी वाजवत असताना आपला उजवा हात थांबत नाही, हा अनुभव एकटीने मेट्रोनोमवर तितकासा येत नाही.

तरी एकटीने शिकण्याचा पर्याय मी मोडीत काढणार नाही. एक-दोन महिने गटातून सुट्टी घेऊन मनासारखं वाजवावं असं वाटलं तर जरूर घ्या, आणि तसं सांगून घ्या. न सांगता गप्प झालं की परत येणं दर महिन्याला जड होत जातं, तुम्हाला आत्ता होतंय तसं. गटात कुणाची टिंगल होत असेल, किंवा शिकणाऱ्यांना खाली पाडून स्वतःचं कौशल्य मिरवलं जात असेल, तर मात्र सुट्टी कशाला, सरळ निघा. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. दिसतं ते असं, की बरेच भले लोक आहेत ज्यांना काय सांगावं कळत नाही म्हणून ते "छान" म्हणतात, आणि एक जाणकार आहेत ज्यांना कळतं पण थोडक्यात आटपतात. एकटीने शिकताना अडचण ही असते की आपला कान आपल्या चुकांना सरावतो. माझ्या रोखलेल्या श्वासाचं तेच झालं होतं.

त्या जाणकार सभासदांना तुम्ही आजवर काही उलटून विचारलंत का? पत्रात तसा उल्लेख नाही. "लय पळते" ऐकून तुम्ही "हो, बघते" म्हणाला असाल आणि विषय संपला असेल. त्यांना एकदा विचारा: "कुठल्या ओळीत पळते? तिथे मी घाई करते की आधी थांबते?" ज्याला खरोखर मदत करायची आहे तो या प्रश्नाने खूश होतो, पुन्हा ऐकतो, आणि नेमकी जागा सांगतो. कदाचित तेही तीन महिने वाट पाहत असतील की आपण सांगितलेल्याचं काही झालं का. तीनदा तेच सांगण्यात कठोरपणा असेल, तसाच जिव्हाळाही असू शकतो. ज्याला काही घेणंदेणं नसतं, तो दुसऱ्याच महिन्यापासून "मस्त" म्हणायला लागतो.

"छान" म्हणणाऱ्यांचंही तसंच. त्यांना प्रश्न मिळालेला नाही. "कसं झालं?" असं विचारलं की "छान" येणारच. "दुसऱ्या कडव्यात बोटांनी छेडताना चारही तारा सारख्या ऐकू येतात का, की अंगठ्याची जास्त मोठी येते?" असं विचारलं तर त्याच माणसाला नीट ऐकावं लागतं. एका वेळी एकच प्रश्न विचारा. तीन सूचना एकदम आल्या तर त्यातली एकही हातात उतरत नाही, मोठमोठ्या वाजवणाऱ्यांच्याही नाही.

आता तुमची भीड: "मलाच येत नाही तर मी कोण सांगणार?" अभिप्राय म्हणजे निवाडा असं धरलं तर तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही फक्त काय ऐकलं ते सांगा. "एफ नीट नव्हता" हा निवाडा झाला. "तिसऱ्या ओळीतल्या एफला एक तार बोलली नाही असं वाटलं, नंतरच्या एफला मात्र चारही आल्या" हे ऐकणं झालं, आणि वाजवणाऱ्याला याचाच उपयोग होतो. जे आवडलं तेही जागेसकट सांगा: शेवटच्या ओळीला तुम्ही आवाज कमी केलात तिथे मी पुढे सरकून ऐकायला लागले. असं सांगायला युकुलेली येण्याची गरजच नाही, लक्ष देऊन ऐकायची गरज आहे, आणि तुमचं पत्र वाचून तुम्ही लक्ष देणाऱ्या आहात हे मला दिसतं. दुसऱ्याचं असं ऐकत गेलात की स्वतःचं ऐकायची सवय आपोआप लागते. मला वाटतं गटातून तुम्हाला मिळण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच तुम्ही भिडेपोटी सोडून दिली आहे.

आव्हानाच्या आकाराबद्दल थोडं. सगळ्यांचं आव्हान एक असलं तरी सगळ्यांनी एवढंच मोठं उचलावं असं कुठे ठरलंय? बोटांनी छेडण्याच्या महिन्यात सहा वर्षं वाजवणारा माणूस सुरावट आणि कॉर्ड एकत्र गुंफेल. तुम्ही एकच सी कॉर्ड धरा, अंगठ्याने जी आणि सी तार, तर्जनीने ई, मधल्या बोटाने ए, आणि हा क्रम सलग दोन मिनिटं एकसारखा वाजवा. मग त्यात ए मायनर मिसळा. पट्टी बदलायच्या महिन्यात पूर्ण गाणं नको, मुखडा पुरे. गटात आधीच सांगून टाका की या महिन्यात मी एवढंच करणार आहे. अर्धवट सोडलेल्या मोठ्या आव्हानापेक्षा पूर्ण केलेलं लहान आव्हान पुढच्या महिन्यात कामाला येतं, कारण ते हातात राहतं. गट चालवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे: आव्हान ठरवतानाच त्याचे लहान-मोठे दोन-तीन आकार सांगा, आणि मध्यावर एक कच्ची फेरी ठेवा. तुमच्याकडेही कुणीतरी दोन महिन्यांपासून गप्प झालेलं असेल.

चुकलेल्या दोन महिन्यांची भरपाई करायला जाऊ नका. ती गाणी तशीच राहू द्या. फक्त त्याआधीच्या तीन महिन्यांत पाठवलेल्या रेकॉर्डिंगांपैकी एक निवडा, टाळी धरून त्यातल्या जागांवर खूण करा, आणि आठ दिवस त्यातल्या एकाच जागेवर काम करा. मग तीच एक ओळ, चार कॉर्डची, वीस सेकंदांचीसुद्धा चालेल, एकदाच रेकॉर्ड करून "लय पळते" म्हणणाऱ्यांना पाठवा आणि विचारा, इथे अजून पळते का.

ते काय म्हणाले, ते मला नक्की कळवा.